फॉरमॅट मारण्याआधी लेखी विचारा, मारल्यावर मशीन बंद ठेवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संगणक अडला की तो दुकानात न्यायचा आणि दुकानदाराने 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा' असे म्हणायचे, ही पद्धत आपल्या नागपुरात इतकी अंगवळणी पडली आहे की त्या एका वाक्याने ग्राहकाचे काय काय पुसले जाणार आहे, याचा विचार दोघांपैकी कोणीही करत नाही. मी सीताबर्डी भागात बरीच वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि पुसल्या गेलेल्या हार्ड डिस्कवरून फायली परत काढून देण्याची कामे माझ्याकडे नेहमी येतात. या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. साध्या हार्ड डिस्कवरील फायली बहुतेक वेळा फॉरमॅटच्या क्षणी नष्ट होत नाहीत. त्या नष्ट होतात त्यानंतरच्या काही तासांत आणि दिवसांत, मालकाच्या किंवा कारागिराच्याच हातून, आणि तेही बिघडलेले सावरण्याच्या खटपटीत. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, म्हणूनच हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर प्रत्येक फाइलची दोन अंगे असतात. एक म्हणजे फाइलचा प्रत्यक्ष मजकूर आणि दुसरे म्हणजे त्या फाइलचे नाव, आकार आणि मजकूर डिस्कवर कुठे कुठे ठेवला आहे याची नोंद. फायली मांडून ठेवण्याच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत या सगळ्या नोंदी एका मुख्य यादीत असतात आणि प्रत्येक नोंद साधारण १०२४ बाइटची असते. आपण फाइल डिलीट करून रिसायकल बिनही रिकामे करतो, तेव्हा या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण होते आणि ती जागा मोकळी धरली जाते. मजकुराला हातही लागत नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून शेत जागचे हलत नाही, पण तिथे दुसऱ्याने नांगर घातला की आधीचे पीक परत उभे करता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. क्विक फॉरमॅटमध्येही नव्या, रिकाम्या यादीची सुरुवात लिहिली जाते आणि जुन्या यादीच्या अगदी सुरुवातीच्या नोंदी त्याखाली जातात, परंतु उरलेल्या हजारो नोंदी बहुधा जागेवर असतात. म्हणूनच क्विक फॉरमॅट होऊन डिस्क तशीच बाजूला ठेवली असेल, तर फायली त्यांच्या मूळ नावांसह आणि फोल्डरांसह परत मिळण्याची शक्यता चांगली असते.

पूर्ण फॉरमॅटची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि इथे आमच्या धंद्यातील जुन्या लोकांचीही गफलत होते. विंडोज एक्सपीच्या काळात पूर्ण फॉरमॅट म्हणजे डिस्कचे खराब भाग तपासणे एवढेच होते, त्यामुळे त्यानंतरही फायली निघत. विंडोज विस्टापासून, म्हणजे २००७ मध्ये ती बाजारात आली तेव्हापासून, पूर्ण फॉरमॅट करताना त्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या वेगळ्या केलेल्या भागावर, सर्वत्र शून्ये लिहिली जातात. अशा डिस्कवरून काहीही परत येत नाही. एकदा खरोखर दुसरे काही लिहिले गेलेली जागा आजच्या हार्ड डिस्कवर वाचता येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणी 'आमच्याकडे खास यंत्र आहे, त्यावर ओव्हरराइट झालेलेही निघते' असे सांगून आगाऊ रक्कम मागत असेल, तर तिथून निघून यावे.

आता दुकानात जे घडते त्याकडे येतो. फॉरमॅट एकटा कधीच होत नाही. त्याच्यामागोमाग विंडोज टाकली जाते, मग ड्रायव्हर, मग अँटिव्हायरस, मग कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर. या सगळ्यांनी मिळून कित्येक गिगाबाइट जागा नव्याने लिहिली जाते आणि ती लिहिली जाते सी ड्राइव्हवर, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात विंडोज असते तिथे. आपल्याकडे बहुसंख्य घरांत आणि छोट्या कार्यालयांत सगळे महत्त्वाचे काम डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेले असते, आणि ते सी ड्राइव्हवरच असते. म्हणजे ज्या जागी ग्राहकाचा मजकूर पडून आहे, नेमक्या त्याच भागात नवी विंडोज येऊन बसते. याउलट, विंडोज टाकताना कारागिराने सगळी पार्टिशन काढून एकच मोठे केले असेल, तर ग्राहक 'डी ड्राइव्हसुद्धा गेला' म्हणून रडकुंडीला येतो. प्रत्यक्षात जुन्या डी ड्राइव्हच्या जागेला बहुधा धक्काही लागलेला नसतो आणि टेस्टडिस्कसारखे मोफत साधन ते जुने पार्टिशन शोधून देऊ शकते. हे त्याला वेळेवर कोणी सांगितले तर.

एक उदाहरण देतो. महाल भागातील एका निवृत्त शिक्षकांनी शहरात तान्हा पोळ्याला निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकांची जुनी छायाचित्रे घरोघरी जाऊन स्कॅन करून घेतली होती आणि तान्हा पोळ्याच्या आठवणी सांगणाऱ्या वृद्धांच्या मुलाखती टाइप करून ठेवल्या होत्या. मशीन मंद झाले म्हणून ते एका दुकानात दिले गेले आणि फॉरमॅट होऊन परत आले. तिथून पुढे जे झाले ते अधिक वाईट होते. घरातील तरुण मंडळींनी काळजीपोटी एकामागून एक रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच मशीनवर, त्याच डेस्कटॉपवर उतरवून घेतली, आणि त्यातल्या एकाने काढलेली छायाचित्रे पुन्हा त्याच डिस्कवर सेव्ह केली. प्रत्येक सेव्हबरोबर अजून न निघालेल्या छायाचित्रांच्या जागेवर नवे काही लिहिले जात होते. डिस्क माझ्याकडे आली तेव्हा डी ड्राइव्हमधील सर्व काही नावानिशी निघाले. सी ड्राइव्हमधील छायाचित्रांपैकी काही अशी निघाली की पिवळ्या मारबतीचा चेहरा आणि त्यामागची गर्दी स्वच्छ दिसते आणि चित्राच्या मध्यापासून खाली केवळ करडा पट्टा आहे. तो पट्टा म्हणजे नंतर लिहिले गेलेले काहीतरी. त्या शिक्षकांना तो दाखवताना मला फार वाईट वाटले, कारण ती छायाचित्रे ज्या घरांतून मिळाली होती त्यांतील काही घरे आता तिथे उरलेली नाहीत.

त्यांच्या मुलाखतींची अडचण आणखी वेगळी होती आणि ती मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू पडते. यादीतील नोंदच नाहीशी झाली असेल, तर फोटोरेकसारखे सॉफ्टवेअर डिस्कवरील प्रत्येक भाग वाचत जाते आणि फाइलच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणांवरून ही जेपीजी आहे, ही पीडीएफ आहे, ही वर्डची फाइल आहे असे ओळखून ती बाहेर काढते. फाइल मिळते, पण नाव मिळत नाही. 'एफ' हे अक्षर आणि त्यापुढे डिस्कवरील जागेचा लांबलचक आकडा, एवढीच तिची ओळख उरते. अशा हजारो फायलींतून हवी ती शोधण्याचा मार्ग म्हणजे आतील मजकुरात शब्द शोधणे. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरांच्या समान संकेतात, टाइप केलेला मजकूर असेल तर ते सहज जमते. पण आपल्याकडील कितीतरी जुने लेखन श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, जिथे पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी फाइलच्या पोटात वेगळीच चिन्हे असतात. तिथे 'मारबत' शोधून काहीही सापडत नाही. आम्ही शेवटी तोच फॉन्ट मशीनवर घालून, त्यात 'मारबत' टाइप करून, त्यातून तयार झालेली चिन्हांची ओळ शोधली, तेव्हा मुलाखतींच्या फायली हाती लागू लागल्या. ज्या संस्थांकडे, मुद्रकांकडे किंवा लेखकांकडे असे जुने साहित्य आहे, त्यांनी ते युनिकोडमध्ये आणून घ्यावे आणि तो फॉन्टही जपून ठेवावा. हरवलेल्या फायलींच्या ढिगाऱ्यात ही एक गोष्ट फार मोठा फरक करते.

हिशेबाच्या फायलींबाबत याहून कठीण प्रसंग येतात. टॅलीमधील एका कंपनीचा हिशेब एका फाइलमध्ये नसतो, तर आकडी नावाच्या एका फोल्डरमधील अनेक फायलींत मिळून असतो. नावे आणि फोल्डर गेले की सुटे तुकडे जुळवणे जवळपास अशक्य होते. इतवारीतील व्यापाऱ्यांनी आणि शहरातील पतसंस्थांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण ३१ मार्चच्या तोंडावर मशीन मंद पडते आणि नेमके तेव्हाच कोणीतरी फॉरमॅट सुचवते.

एसएसडीबद्दल, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कबद्दल, मात्र मला दिलासा देता येत नाही. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडोज एसएसडीला 'ट्रिम' नावाचा आदेश देते: अमुक जागा आता लागत नाही, ती साफ केली तरी चालेल. त्यानंतर एसएसडीचा स्वतःचा नियंत्रक ती जागा आतल्या आत रिकामी करतो, आणि वाचायला गेले तर बहुधा केवळ शून्ये मिळतात. क्विक फॉरमॅटच्या वेळीही हा आदेश जातो. त्यामुळे लॅपटॉपमधील एसएसडी फॉरमॅट झाल्यावर काही निघण्याची आशा फारच थोडी असते, आणि जी असते ती मशीन लगेच बंद केले तरच. आजचे बहुतेक नवे लॅपटॉप एसएसडीचेच येतात. म्हणजे चुकून पुसले तरी परत मिळते, हा आपल्या सर्वांच्या मनातील जुना भरवसा आता लागू राहिलेला नाही, आणि दुकानदाराने विचारल्याशिवाय फॉरमॅट मारण्याचा अपराध त्यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी गंभीर झाला आहे. त्यात अनेक नव्या मशीनवर बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरील मजकूर सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, कुलूप आपोआप लागलेले असते; त्याची ४८ आकडी किल्ली हाताशी नसेल, तर निघालेला मजकूरही वाचता येत नाही. ही किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा आहे की नाही, ते प्रत्येकाने मशीन सुरळीत असतानाच पाहून घ्यावे.

पुसले गेल्यावर काय करावे, हे आता सांगतो. पहिले म्हणजे मशीन बंद करावे आणि त्या डिस्कवरून ते पुन्हा सुरू करू नये, कारण नुसते चालू राहूनही विंडोज अपडेट, तात्पुरत्या फायली आणि ब्राउझरचा साठा डिस्कवर लिहीतच असते. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडल्यावर 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश आला, तर 'कॅन्सल' दाबावे. घाईत दाबलेल्या 'ओके'ने मी चांगल्या वाचण्याजोग्या डिस्क बिघडलेल्या पाहिल्या आहेत. 'चेकडिस्क' चालवू नये. ते डिस्क सुसंगत करण्यासाठी आहे, फायली वाचवण्यासाठी नाही, आणि सुसंगत करताना ते नोंदी छाटते. त्यानंतर तितक्याच किंवा अधिक क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत काढावी आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करावी. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे मोफत साधन यासाठी उत्तम आहे, कारण ते आधी सहज वाचता येणारे भाग घेते, अवघड भागांकडे नंतर वळते आणि कुठवर काम झाले याची नोंद ठेवते. एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने वाचली तरी जवळपास तीन तास लागतात, आणि जुन्या यूएसबी २ च्या केबलने त्याच्या तिप्पट वेळ जातो. ग्राहकांनी याबाबत धीर धरावा. 'अर्ध्या तासात काढून देतो' म्हणणारा माणूस बहुधा मूळ डिस्कवरच हात चालवणार असतो. आपल्याकडील मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, इतका वेळ चालणारी डिस्क साध्या पंख्यासमोर ठेवावी, डेझर्ट कूलरच्या दमट झोतात नको.

डिस्कमधून टक टक असा आवाज येत असेल तर वरील काहीच करू नये. तो आवाज तबकडी वाचणाऱ्या आतील हेडचा बिघाड सांगतो आणि अशी डिस्क जितका वेळ चालेल तितकी तबकडीवर ओरखडे पडण्याची भीती. तिथे कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी नाही. धूळविरहित खोली आणि सुटे भाग असलेली प्रयोगशाळाच लागते. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला आजही ऐकू येतो. कृपया तसे करू नये. बाहेर काढल्यावर आत दव धरते.

कॅमेऱ्याच्या कार्डाबद्दल लग्नसराईत फोटो काढणाऱ्यांना एवढेच सांगतो की कार्ड पुसले गेले तर त्यावर पुढचा एकही फोटो काढू नये. आणि रिकव्हरीला लागण्याआधी इतरत्र असलेल्या प्रती आठवून पाहाव्यात: पाठवलेल्या ईमेलमधील जोडपत्रे, व्हॉट्सॲपवर पाठवलेली कागदपत्रे, छापखान्याला दिलेला पेन ड्राइव्ह, गूगल ड्राइव्हचे ट्रॅश, जिथे फायली ३० दिवस राहतात. अनेकदा जे रिकव्हरीने निघत नाही ते असे मिळून जाते.

बॅकअपचा उपदेश सगळेच करतात, म्हणून त्यावर थोडक्यात लिहितो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम पुरेसा आहे. त्यातील 'दुसऱ्या जागी' हा भाग आपण सोडून देतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा मशीन आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात होती, अशा तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे आले होते. ती दुसरी डिस्क धरमपेठेतून वर्ध्याच्या बहिणीकडे ठेवली तरी पुरते. क्लाउडवर आपोआप जुळणारे फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. इथे पुसले की तिथेही पुसले जाते.

आता मूळ मागणीकडे येतो. बऱ्याच दुकानांच्या पावतीवर 'डेटाची जबाबदारी आमची नाही' अशी ओळ छापलेली असते. ती ओळ दुकानदाराला वाचवण्यासाठी आहे. ग्राहकाला तिने काहीच विचारलेले नसते. माझे व्यवसायबंधू म्हणतील की ग्राहकच 'त्यात काही नाही, मारून टाका' म्हणतो आणि नंतर भांडायला येतो. हे खरे आहे, मलाही असे ग्राहक भेटतात. पण ज्याला सी ड्राइव्ह म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याच्या 'काही नाही'वर विसंबून एखाद्या संस्थेचे दप्तर पुसणे हे कारागिराला शोभत नाही. काय पुसले जाणार हे आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. म्हणून विचारण्याचे कर्तव्य आपले आहे. सेवेतील त्रुटीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, परंतु तो मार्ग लांबचा आहे आणि गेलेली छायाचित्रे त्यातून परत येत नाहीत.

म्हणून शहरातील संगणक विक्रेते आणि दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की महाविद्यालयीन प्रवेशांच्या जून-जुलैच्या गर्दीपूर्वी त्यांनी आपल्या सदस्यांसाठी एकसारखी पावती ठरवावी. शक्य तिथे जुनी डिस्क तशीच काढून ग्राहकाच्या हाती द्यावी आणि विंडोज नव्या एसएसडीवर टाकावी; आज जुनी मशीन वेगवान करण्यासाठी तसेही हेच केले जाते. रिकव्हरीचे काम घेताना निघालेल्या फायलींची यादी आधी दाखवावी, पैसे नंतर घ्यावेत, आणि काम संपल्यावर आपल्याकडील प्रत पुसून तसे लिहून द्यावे, कारण त्या डिस्कवर लोकांची बँकेची कागदपत्रे आणि घरची छायाचित्रे असतात. आयटीआयच्या संगणकविषयक अभ्यासक्रमांत आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांतही डिस्कची प्रत काढणे आणि एका पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल परत मिळवणे, याचा प्रत्यक्ष सराव करून घ्यावा.

पावतीवर छापण्याचा मजकूर मी सुचवतो. संघटनांनी त्यात हवा तो बदल करावा: 'या मशीनमध्ये हार्ड डिस्क / एसएसडी आहे. फॉरमॅट केल्यास डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि सी ड्राइव्हवरील सर्व फायली जातील. इतर ड्राइव्ह ठेवायचे / पुसायचे. फायलींची प्रत काढून हवी / नको. हे मला मराठीत समजावून सांगण्यात आले. ग्राहकाची सही. कारागिराची सही.'

आपला नम्र,
सीताबर्डी भागातील एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
नागपूर